फाटकताईंचा प्रश्न

"आज तरी कुणाला हसवू नका," बायको म्हणाली आणि लोण्याची सुरी तिने मुद्दामच जरा आवाज करत बशीत ठेवली.

दादांनी मान वर केली. "मी कशाला हसवतोय? आज काय हसवायचा दिवस आहे का?"

"तुमचं काय सांगावं! माझे वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांना तुम्ही हसवून हसवून परत पाठवलं होतं. आई आतल्या खोलीतून विचारत होती, बाहेर कसला कार्यक्रम चाललाय म्हणून."

एरवी यावर दादांनी काहीतरी फेकलं असतं आणि बायकोही रागावता रागावता हसली असती. आज ते नुसते चहाच्या कपाकडे बघत बसले. चहा केव्हाच गार झाला होता. बायकोने ते पाहिलं, पण विचारलं नाही. माणूस आठवडाभर नीट जेवत नाही, रात्री कूस बदलत राहतो, हे तिला दिसत होतं. मागच्या आठवड्यातल्या रेल्वे अपघाताने मनाला लागलं असेल असं ती धरून चालली होती. हळवे होते तसे दादा. तिच्या मते तर जरा जास्तच.

दादा म्हणजे संसदेतले सभागृह नेते. पद मोठं, खुर्ची पंतप्रधानांच्या शेजारची, पण काम तसं बारीक. खातं नाही, निधी नाही, उद्घाटनं नाहीत. सभागृहाचा गाडा चालता ठेवायचा, कोण कधी बोलणार ते ठरवायचं, रुसलेल्यांना समजवायचं. आणि दर गुरुवारी सकाळी तास घ्यायचा. या तासाला सरकारी नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला चिंतांचा तास म्हणत. दोन्ही बाजूंचे सभासद एकेक करून उठत आणि आपापली चिंता मांडत. कुणाची महागाई, कुणाचं धरण, कुणाची बंद पडलेली गिरणी, कुणाच्या गावात डॉक्टर नाही. त्या प्रत्येकाला सभागृह नेत्याने तिथल्या तिथे, हातात कागद न धरता, उत्तर द्यायचं. आता कागद न धरता माणूस देशभरच्या दुखण्यांवर काय बोलणार? पण दादा बोलत. असे बोलत की पत्रकारांची गॅलरी एरवी अर्धी रिकामी असायची, ती गुरुवारी भरायची.

हा गुण त्यांना सासऱ्यांच्या औषधांच्या दुकानात लागला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते तिथे गल्ल्यावर बसले होते. माणूस चिठ्ठीशिवाय येतो, कुठे दुखतंय ते त्याला धड सांगता येत नाही. त्याला दोन गोड शब्द आणि एखादी साधी गोळी दिली की तो पायरी उतरतानाच निम्मा बरा झालेला असतो. त्या दुकानातून दादा नगरपालिकेत गेले, तिथून इथे आले. खुर्च्या बदलल्या, पण गल्ल्यावरची हातोटी तीच राहिली. चिंता घेऊन उठलेला सभासद हसत खाली बसला पाहिजे, आणि शक्यतो त्याच्याबरोबर सगळं सभागृह हसलं पाहिजे. मग शेवटी दादा चेहरा गंभीर करून म्हणत, "संबंधित मंत्र्यांच्या कानावर घालतो."

आणि ते घालतही. म्हणजे, काही घालत. तास संपला की त्यांच्या खोलीत चिटणीसबाई समोर बसायच्या आणि सकाळच्या चिंता एकेक करून वाचायच्या. दादा प्रत्येकीवर एकच शब्द बोलायचे, "पाठवा" किंवा "मिटलं". 'पाठवा' म्हटलं की ती चिंता दुपारच्या आत मंत्रालयात पोचायची. 'मिटलं' म्हटलं की तिचं तिथेच संपायचं. हे कशावरून ठरायचं, असं कुणी कधी विचारलं नाही आणि दादांनीही कधी स्वतःला विचारलं नाही. पण ते ठरलेलं होतं. जो रागावून खाली बसला त्याचं पाठवायचं, कारण तो पुन्हा उठणार. जो हसत बसला त्याचं मिटलं. यात लबाडी नव्हती, कामाचा उरक होता. सगळंच पाठवलं असतं तर मंत्र्यांनी काहीच वाचलं नसतं. दादा स्वतःला हे समजावायचे तेव्हा ते त्यांना पटायचंही.

या उरकातच ताईंचा प्रश्न गेला.

ताई म्हणजे विरोधी बाकांच्या शेवटच्या रांगेतल्या एक अपक्ष सभासद. आयुष्यभर सरकारी प्रसूतिगृहात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर, ज्यांची बाळंतपणं केली त्याच लोकांनी त्यांना निवडून पाठवलं. बोलणं सावकाश, आवाज खालचा. पहिल्याच अधिवेशनात उठून त्यांनी सांगितलं की आमच्याकडे वीटभट्ट्यांच्या रस्त्यावर रेल्वेचा रूळ आडवा जातो, तिथे फाटक नाही. रुळाला वळण आहे, त्यामुळे गाडी दिसत नाही, आणि थंडीत धुकं असलं की ऐकूही येत नाही. फाटक द्या आणि फाटकावर माणूस द्या.

दादा उठले. चष्मा काढला, पुसला. "सभापती महोदय, ताईंच्या मतदारसंघात फाटकच नाही हे ऐकून सरकारला फार आनंद झाला. इतक्या मोठ्या देशात एक तरी जागा अशी आहे, जिथे सरकारला कुणी आडकाठी करत नाही."

काय हसलं सभागृह! विरोधी बाकंसुद्धा हसली. तेव्हापासून ताईंचं नाव फाटकताई पडलं. त्या उठल्या की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "आलं फाटक." त्या बोलायला लागण्याआधीच अर्ध्या चेहऱ्यांवर हसू असायचं. दर थोड्या दिवसांनी ताई उठायच्या, तेच सांगायच्या, त्याच शब्दांत, आणि दादा दर वेळी त्यावर नवीन काहीतरी काढायचे. त्यांनाही त्यात मजा यायला लागली होती. अंघोळ करताना कधी कधी त्यांना फाटकावरचं एखादं वाक्य सुचायचं आणि ते पुढच्या गुरुवारची वाट बघायचे. ताई सगळं ऐकून घेऊन खाली बसायच्या. त्या हसतात की नाही हे कुणी पाहिलं नाही. बाकी सगळे हसत असले की एक माणूस हसत नसल्याचं कळत नाही.

दुपारी चिटणीसबाई वाचायच्या, "फाटक."

"मिटलं," दादा म्हणायचे.

मागच्या आठवड्यात, पहाटेच्या धुक्यात, त्या वळणावर बेकरीची गाडी रुळावर आली आणि आगगाडीने ती उडवली. गाडीत ड्रायव्हर एकटाच होता. जागेवरच गेला. वर्तमानपत्रातला फोटो दादांनी एकदाच पाहिला. रुळांच्या मधल्या खडीवर पाव पसरले होते, आणि मदतीला आलेली माणसं पावांवर पाय पडू नये म्हणून जपून चालत होती.

त्या दिवसापासून दादांना पावाचा तुकडा घशाखाली उतरत नव्हता. आजही समोरचा टोस्ट तसाच ठेवून ते उठले.

"काही खाल्लं नाहीत," बायको म्हणाली.

"भूक नाही गं."

"अहो, तुम्ही काय गाडी चालवत होता का? उगाच स्वतःला लावून घेता."

दादांनी कोट चढवला आणि ते बाहेर पडले.

कार्यालयात चिटणीसबाई आधीच आल्या होत्या. कपाटं उघडी होती आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्याला धूळ लागली होती. दादांच्या हाताखाली त्या इतकी वर्षं होत्या की साहेबांच्या खोकल्यावरून त्यांना साहेबांचा मूड कळायचा.

"परत एकदा बघितलं साहेब," त्या दार लोटून घेत म्हणाल्या. "फाटकाचं एकदाही गेलेलं नाहीये. एकदासुद्धा नाही."

"मला माहितीये."

"पंतप्रधानांकडून निरोप आलाय. रेल्वेमंत्री आज राजीनामा देतायत. तासाला ताई उठतील, तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की आम्ही वेळोवेळी मंत्र्यांना कळवलं होतं. बाकीचं ते बघून घेतील." बाई थोडं थांबल्या. "कुणी काही विचारणार नाही साहेब. सगळ्या देशाने तुम्हाला म्हणताना ऐकलंय, कानावर घालतो म्हणून."

खरंच होतं ते. रेल्वेमंत्री आठवडाभर प्रत्येकाला सांगत होता की मला हे कुणी कधी सांगितलंच नाही, आणि कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हतं. तो वयाने तरुण, माजी मंत्र्याचा मुलगा; सभागृहात त्याला चिरंजीव म्हणत. हसायचा नाही, मिसळायचा नाही, गुरुवारच्या तासाला फिरकायचा नाही, सगळा वेळ आपल्या खोलीत वाचत बसायचा. असा माणूस कुणालाच आवडत नाही. पंतप्रधानांना तो आधीपासूनच नको होता. तेव्हा हे सगळं कसं अगदी सोयीचं जुळून आलं होतं. विरोधकांना बळी मिळत होता, पंतप्रधानांची अडचण सुटत होती, ताईंना न्याय मिळत होता. राहता राहिला तो चिरंजीव.

"बाई," दादा म्हणाले, "आपण हसलेल्यांचं पाठवत नव्हतो, हे कधी तुम्हाला खटकलं नाही?"

बाईंनी नाकाची धूळ पुसली. "खटकलं ना. पहिल्या वर्षी. मग मलाही सवय झाली. आणि साहेब, हसायचे मीपण."

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि ताई आत आल्या. हातात छत्री होती आणि चपलांना लाल माती. सकाळच्या गाडीने थेट तिकडून आल्या होत्या. दादा इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"बसा ना ताई, बसा. चहा सांगू?"

"सांगा. रात्रीपासून काही घेतलं नाही." ताई बसल्या. छत्री कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना, मग ती त्यांनी मांडीवर आडवी धरली. "दादा, मी तुमचे आभार मानायला आले."

दादांची नजर उघड्या कपाटांकडे गेली. "माझे?"

"खरं सांगते, मला तुमचा फार राग यायचा. मी एवढं जीव तोडून सांगायची आणि तुम्ही सगळ्यांना हसवायचे. घरी गेले की सुनेला म्हणायची, मी आता उठणारच नाही. पण मग वाटायचं, हसवलं तर हसवलं, शेवटी म्हणाले ना मंत्र्यांच्या कानावर घालतो म्हणून. एवढ्या गर्दीत तुम्ही एकटेच होता, ज्यांनी दर वेळी पुढे सांगितलं. म्हणून मी परत उठायची."

शिपायाने चहा आणून ठेवला. ताईंनी दोन्ही हातांनी कप धरला.

"बेकरीच्या गाडीवरचा तो मुलगा माझ्याच हातावर जन्मला होता," त्या म्हणाल्या. "पायाळू. फार त्रास झाला होता आईला. काल तिच्याकडेच होते मी. ती रडत नव्हती दादा, नुसती बसली होती. मला म्हणाली, बाई, तुम्ही सांगितलं होतं ना तिकडे? म्हटलं, सांगितलं गं. किती वेळा सांगितलं. आणि आमच्या सभागृहाच्या नेत्यांनीपण दर वेळी मंत्र्याला सांगितलं. त्या मेल्यानेच ऐकलं नाही. तेव्हा कुठे ती रडली."

दादांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, अगदी छोटं: ताई, मी सांगितलं नाही. समोर एक दमलेली बाई दोन्ही हातांत कप धरून बसली होती, आणि ते वाक्य म्हणायला याहून बरी वेळ पुन्हा येणार नव्हती, हेही त्यांना कळत होतं.

"साखर बरोबर आहे ना?" ते म्हणाले.

"आहे हो. छान आहे." ताईंनी चहा संपवला आणि पदराने तोंड पुसलं. "आज मी त्याचा राजीनामा मागणार. तुम्ही उभं राहून एवढंच सांगा, की मी सांगितलं होतं. मी सांगून कुणाला खरं वाटणार? मी फाटकताई. पण तुमचा शब्द सगळे मानतात."

"बघतो," दादा म्हणाले.

"बघतो नका म्हणू. आजच्या दिवस तरी."

त्या गेल्या. टेबलावरच्या बशीत सांडलेल्या चहाचं एक गोल वर्तुळ उरलं होतं. चिटणीसबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि दादांना त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं राजकारणात काढली, खोटं बोलले नाहीत असं थोडंच आहे? पण त्यांचं खोटं कुणी असं एका आईच्या घरी नेऊन पोचवलं नव्हतं. लाज वाटत होती, आणि लाजेहूनही जास्त भीती. आपल्याला लोक ज्याच्यासाठी ओळखतात तेवढं एकच आपल्याकडे आहे, आणि तेच जर असं निघालं, तर मग बाकी काय राहिलं, असं त्यांच्या मनात येत होतं.

सभागृहात जायच्या आधी ते तोंड धुवायला गेले, तर बेसिनवर चिरंजीव उभा. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चेहरा ओला, डोळे सुजलेले. आरशात दादांना बघून तो दचकला.

"दादा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही मला सांगितलं होतंत का? म्हणजे, सांगितलंच असणार. तुम्ही कशाला खोटं बोलाल? पण मला आठवतच नाही हो. मी सगळी कपाटं उपसली. आई म्हणते तू लहानपणापासून असाच, दप्तर शाळेत विसरून यायचास." तो हसायचा प्रयत्न करत होता, पण ते जमत नव्हतं. "आता मलाही वाटायला लागलंय की तुम्ही कधीतरी जाता जाता बोलला असाल, आणि माझंच लक्ष नसेल. माझ्या विसरण्याने माणूस गेला, हे डोक्यातून जात नाही. तुम्हाला आठवतंय का, कुठे बोलला होतात?"

नळ चालूच होता. दादांनी तो बंद केला.

"घंटा होईल आता," ते म्हणाले. "चल आत."

चिरंजीवाने मान हलवली, बाह्या खाली केल्या, आणि मोठ्या माणसाला आधी जाऊ द्यावं म्हणून दार धरून उभा राहिला. दादा त्याच्यासमोरून गेले. त्या दारातून पलीकडे जाताना त्यांना स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती.

सभागृह गच्च भरलं होतं. तास सुरू झाला. कुणी विजेच्या कपातीवर बोललं, कुणी मासेमारांच्या डिझेलवर, कुणी शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर. दादांनी उभं राहून सगळ्यांना दोन दोन ओळींची कोरडी उत्तरं दिली. सभासद एकमेकांकडे बघू लागले. माणसं गंभीर होऊन आली होती खरी, पण इतका वेळ गंभीर राहायची त्यांना सवय नव्हती. बाकांवर नुसती चुळबुळ चालली होती. एक म्हातारे सभासद शेजाऱ्याला जरा मोठ्यानेच म्हणाले, "आज दुकान बंद दिसतंय." त्यावर दोघंतिघं हसली आणि चटकन गप्प झाली.

मग सभापतींनी ताईंना बोलायला सांगितलं. आज मागून कुणी काही म्हणालं नाही.

ताईंनी अपघाताबद्दल फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की त्या जागेबद्दल मी इथे इतक्यांदा बोलले की मला त्यावरून नाव पडलं. सभागृहाच्या नेत्यांनी ते दर वेळी मंत्र्यांना सांगितलं. मंत्र्यांनी ऐकलं नाही. त्यांनी जावं. आणि नेत्यांनी उभं राहून सांगावं की त्यांनी सांगितलं होतं. "मला वेगळं उत्तर नको," ताई म्हणाल्या. "एवढंच सांगा." आणि त्या उभ्याच राहिल्या.

पंतप्रधानांनी शेजारून हलकेच मान हलवली. पलीकडच्या बाकावर चिरंजीव दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा समोर बघत होता. राजीनामा त्याने आधीच देऊन टाकला होता, फक्त जाहीर व्हायचा होता.

दादा उठले. हात आपसूक चष्म्याकडे गेला. त्यांनी तो काढला, पुसला. ते बघूनच तिसऱ्या रांगेतल्या दोन चेहऱ्यांवर हसू यायला लागलं.

"सभापती महोदय, ताई म्हणतात ते खरं आहे. त्या दर वेळी बोलल्या. आणि मी दर वेळी म्हणालो, मंत्र्यांच्या कानावर घालतो." इथे ते थांबले. थांबायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण गेली कित्येक वर्षं याच जागी, एवढंच थांबून, ते शेवटचं वाक्य टाकत आले होते. "खरं सांगायचं, तर मी ते कधी घातलंच नाही."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "घालून तरी काय उपयोग होता!"

आणि सभागृह फुटलं. तासभर आवरून धरलेलं हसू एकदम बाहेर पडलं. बाकं वाजली. चिरंजीवावर असा घाव फक्त दादाच घालू शकतात, असं लोक एकमेकांना खुणावू लागले. गॅलरीत पत्रकार माना खाली घालून भराभर लिहीत होते. पंतप्रधानांनी तोंडावर रुमाल धरला. चिरंजीवाचे कान लाल झाले आणि मान आणखी खाली गेली.

दादांचे पाय सवयीने वाकले आणि ते बसले.

बसल्यावर जे वाटलं ते पुढे त्यांना आयुष्यभर छळणार होतं. त्यांना हायसं वाटलं. आपण सांगितलं. भर सभागृहात, सगळ्यांच्या देखत सांगितलं. आता त्यांना ते कळलं नाही, याला आपण काय करणार? अधिकाऱ्यांच्या गॅलरीत चिटणीसबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडे दादांनी पाहिलं. बाईंनी नजर खाली वळवली. मिटलं, दादांच्या मनात आलं. हसले सगळे, म्हणजे मिटलं.

सभापती पुढचं नाव पुकारणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की ताई अजून उभ्याच आहेत.

"ताई, आपलं झालंय. बसून घ्या."

"मी हसले नाही, सभापती महोदय," ताई म्हणाल्या.

हशा अजून पुरता विरला नव्हता, त्यामुळे त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "मी हसले नाही. मला इथे कधीच हसू आलं नाही, त्यामुळे दादा काय बोलतात ते मला नेहमी नीट ऐकू येतं. ते आत्ता बोलले तो विनोद होता का, तेवढं त्यांना विचारा."

"अहो ताई, असं कसं..."

"विचारा ना. मला परत जाऊन एका आईला सांगायचंय."

सभापतींनी अवघडून दादांकडे पाहिलं. "नेते महोदय?"

दादा उठले. चारी बाजूंचे चेहरे त्यांच्याकडे वळले होते, अजून अर्धे हसत, आता आणखी काय येतंय म्हणून वाट बघत. एक सोडून चार उत्तरं त्यांच्या जिभेवर तयार होती. त्यातलं कुठलंही चाललं असतं. पंतप्रधान खालच्या आवाजात म्हणाले, "दादा, बास. बसा." शेवटच्या रांगेत ताई समोरच्या बाकाची कड धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण जे ऐकलं ते खोटं ठरावं, अशी आशा होती. दादांना ती दुरूनही दिसली, आणि रागावलेल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"विनोद नव्हता," ते म्हणाले.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबलं.

"ताईंचा प्रश्न मी एकदाही पुढे पाठवला नाही. सभागृह हसलं, की मी तो मिटला असं धरायचो. मंत्र्यांना यातलं काही माहीत नव्हतं." त्यांनी पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. "ते विसरले नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

चिरंजीवाने मान वर केली. बघता बघता त्याचा चेहरा आक्रसला आणि त्याने तो दोन्ही हातांनी झाकून घेतला. त्याच्या शेजारचा सभासद, जो आत्ता सगळ्यात मोठ्याने बाक वाजवत होता, त्याने आपला हात बाकावरून उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

 ताईंनी दादांकडे पाहिलंही नाही. त्या हळूहळू, बाकाला धरून खाली बसल्या आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. काल त्या घरात त्या जे बोलून आल्या होत्या, ते आज जाऊन परत घ्यायचं होतं.

"नेते महोदय, आपल्याला आणखी काही सांगायचंय?" सभापतींनी विचारलं.

दादांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग बसा आपण."

एवढी माणसं होती, पण कुठून कसलाही आवाज येत नव्हता. पंखे फिरत होते तेवढेच.

"बसा," सभापती पुन्हा म्हणाले, या वेळी जरा हळू.

इतकी वर्षं दादा हशातच खाली बसत आले होते. या अशा शांततेत कसं बसायचं ते त्यांना कळेना. ते उभेच राहिले.